मदत हवी आहे: क्रीडालेखात विनोद हवा, पण टर उडवायची नाही

नमस्कार मंडळी,

एका मराठी क्रीडा संकेतस्थळासाठी जुन्या सामन्यांवर लिहितेय. संपादकांची अट एकच: वाचक हसला पाहिजे, पण खेळाडूची टर उडवायची नाही. अट मला मनापासून पटते. पण ३६ धावांच्या दोन डावांवरच्या लेखापाशी गाडी अडली आहे.

पहिला डाव ७ जून १९७५ चा. लॉर्ड्स, पहिल्यावहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. इंग्लंड ६० षटकांत ४ बाद ३३४. उत्तरात सलामीला आलेले सुनील गावस्कर शेवटपर्यंत नाबाद: १७४ चेंडू, ३६ धावा, एक चौकार. भारत ३ बाद १३२. दुसरा डाव डिसेंबर २०२० चा, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ॲडलेड कसोटीतला. तिथे सगळ्या भारतीय संघाच्या मिळून ३६.

गावस्करांचा परिच्छेद दोन तऱ्हांनी लिहिलाय.

(अ) ‘हा कसोटी सामना नाही, हे गावस्करांना सांगायचं राहूनच गेलं. चौथ्या दिवशी उपाहारापर्यंत त्यांचं शतक नक्की होतं.’

(आ) ‘६० षटकं संपली तेव्हा भारताचे सात गडी शिल्लक होते. विकेट जपायचा सामना असता तर आपण अगदी आरामात जिंकलो असतो.’

(अ) ऐकून घरचे खळखळून हसले. मला (आ) जवळचा वाटतो, पण तो मिळमिळीत तर होत नाही ना?

दुसरी अडचण ॲडलेडची. धावफलक असा: ४, ९, २, ०, ४, ०, ८, ४, ०, ४, १. मोबाईल नंबरचा विनोद त्याच दिवशी फॉरवर्ड होऊन होऊन शिळा झाला. आता नवीन काय लिहायचं? आणि त्यातला शेवटचा १ मोहम्मद शमीचा. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज कमिन्सचा चेंडू हातावर बसला, हाड मोडलं, उरलेली मालिका हुकली. तिथे हसवत राहणं मला जमणार नाही. मग सूर बदलायचा कुठे?

प्रतिसाद

(आ) घ्या. (अ) कुठल्याही संथ फलंदाजाला चिकटवता येतो, (आ) फक्त त्या दिवसालाच लागू पडतो. शिवाय (अ) मध्ये हसू गावस्करांवर आहे, (आ) मध्ये ‘आपण’ आहोत, आणि संपादकांना तेच हवंय. फक्त ‘अगदी आरामात’ काढा. ‘विकेट जपायचा सामना असता, तर जिंकलो होतो.’ एवढंच. हसू शेवटच्या शब्दावर फुटलं पाहिजे, त्याच्या आधी विशेषणं आली की हवा जाते. आणि भारताचा तो जेमतेम तिसरा एकदिवसीय सामना होता, हे विनोदाच्या आधी सांगा. नंतर सांगितलंत तर ती सारवासारव वाटेल.

ॲडलेडला आकड्यांशी खेळूच नका. पहिल्या डावात आपल्याकडे ५३ धावांची आघाडी होती, ती लिहा. दुसऱ्या डावात अख्ख्या संघाला तेवढ्याही करता आल्या नाहीत. वाचक आपणहून हसेल, तुम्ही हसवायला जायची गरज नाही.

शमीसाठी परिच्छेद बदला. उमेश यादवच्या नाबाद ४ वर विनोद संपवा, पुढची वाक्यं सरळ बातमीसारखी लिहा. ‘पण गंमत बाजूला ठेवू’ असलं काही घालू नका, वाचकाला सूर बदललेला कळतो.

आणखी एक, मथळ्यात विनोद फोडू नका. व्हॉट्सॲपवर लिंक आली की मथळाच दिसतो. गंमत तिथेच संपली तर लेख कोण उघडणार?

धागाकर्ती

मनापासून आभार! ५३ ची आघाडी माझ्या टिपणांत होती, पण ती विनोदाच्या कामाची आहे हे सुचलं नव्हतं. दोन्ही परिच्छेद आज रात्रीच नव्याने लिहिते. मथळा ‘दोन डाव, प्रत्येकी ३६’ असा ठेवला तर चालेल, की त्यातही जास्तच सांगून होतंय?