सही केलेल्या कार पॉलिसीत प्रीमियमच चुकीचा लागलाय. आता भांडता येतं का?

पार्लेकरीण

मंडळी, गाडी बाबांची आणि डोक्याला ताप माझ्या. होंडा सिटी, डिझेल. यंदा विमा कंपनी बदलली, कारण बाबांच्या सकाळच्या फिरण्यातले एक काका एजंट आहेत आणि "घरचा माणूस असताना बाहेर कशाला?" हा मुद्दा आमच्याकडे कधीच हरत नाही. काकांनी फॉर्म भरून आणला, बाबांनी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या जागी सह्या ठोकल्या, चहा-पोहे झाले, चेक गेला.

पॉलिसी आल्यावर ती वाचायचं काम अर्थात माझं. क्युबिक कपॅसिटीच्या (इंजिनाचा आकार, म्हणजे सीसी) रकान्यात १५९८. आरसीवर स्वच्छ १४९८. खाली प्रीमियमच्या तक्त्यात बेसिक थर्ड पार्टीसमोर (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) ७,८९७ रुपये. गेल्या वर्षीच्या पॉलिसीत त्याच ओळीत ३,४१६ होते. म्हणजे ४,४८१ जास्त, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ५,२८७ रुपये आणि वर थोडे पैसे.

कंपनीला मेल केला. उत्तर आलं: "प्रपोजल फॉर्मवर आपली सही आहे, पॉलिसी त्यानुसारच दिली आहे, आता प्रीमियममध्ये बदल शक्य नाही." बाबा म्हणतात, सही केली ना, मग विषय संपला. शिवाय काकांना वाईट वाटेल. पाच हजार गेले तरी चालतील पण काका दुखावता कामा नयेत, असा एकंदर सूर आहे. खरंच सहीपुढे काही चालत नाही का?

गिरगाव_ते_गोरेगाव

फ्री लुक पिरियडमध्ये, म्हणजे पॉलिसी वाचून पटली नाही तर परत करायची जी मुदत असते त्यात, पॉलिसी परत करून टाका. पूर्ण पैसे मिळतात. नाहीतर पाच हजारांसाठी वर्षभर चपला झिजवाल.

निवृत्त_अंडररायटर

फ्री लुक आयुर्विम्याला आणि आरोग्य विम्याला असतो, मोटार पॉलिसीला नाही. तो नाद सोडा.

पार्लेकरीणताई, आयुष्य अंडररायटिंगच्या टेबलावर (विमा द्यायचा का आणि किती प्रीमियमला, हे ठरवण्यात) काढलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पॉलिसीत दोन वेगळे हिशेब असतात. ओन डॅमेज म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, त्याचा दर कंपनी ठरवते. तिथे कोणी दोन हजार जास्त लावले आणि तुम्ही सही केलीत, तर भांडायला जागा कमी. पण थर्ड पार्टीचा दर कंपनीच्या हातातच नाही. तो केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत खासगी गाडीला १००० सीसीपर्यंत २,०९४, त्यावर १५०० पर्यंत ३,४१६ आणि १५०० च्या वर ७,८९७. तुमची गाडी १४९८ ची असेल तर तिला ७,८९७ लावायचा अधिकार कोणालाच नाही, मग खाली बाबांची सही असो नाहीतर आणखी कोणाची. प्रपोजलवरची सही म्हणजे "दिलेली माहिती खरी आहे" एवढंच. जादा पैसे भरायची कबुली ती नव्हे.

त्यामुळे "रिफंड द्या" असा मेल करू नका, तो कस्टमर केअरच्या ढिगात जातो. "क्युबिक कपॅसिटी दुरुस्तीचं एन्डॉर्समेंट आणि त्यानुसार प्रीमियमचा फरक परत" असं मागा. एन्डॉर्समेंट म्हणजे पॉलिसीत केलेली लेखी दुरुस्ती. आरसीची प्रत आणि मागच्या वर्षीची पॉलिसी जोडा. आणि प्रपोजल फॉर्मची प्रत आधी मागून घ्या. आकडा फॉर्मवर चुकला की टायपिंगमध्ये, हे तिथेच कळेल.

एक गोष्ट लोक विसरतात. ओन डॅमेजचा मूळ दरसुद्धा सीसीच्या टप्प्यावर बसतो. तेव्हा फरक नुसत्या थर्ड पार्टीचा नाही, पूर्ण प्रीमियम नव्याने काढायला लावा.

काळीपिवळीवाला

ताई, रागाच्या भरात कॅन्सल करू नका. दुसरी पॉलिसी हातात असल्याशिवाय ही रद्द करता येत नाही, आणि बिनविम्याची गाडी पकडली तर पहिल्याच वेळी २,००० चा दंड आहे. दुसरं, सीसी चुकलाय ना, मग चासी नंबर आणि इंजिन नंबर पण आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. एकदा आमच्या स्टँडवरच्या एकाच्या पॉलिसीत चासी नंबरातलं एक अक्षर चुकलं होतं. गाडी ठोकली तेव्हा सर्व्हेयर आला, कागद बघितले आणि क्लेम बाजूला ठेवून गेला. गाडी गॅरेजमध्ये, धंदा बंद, आणि हा बिचारा एका अक्षरासाठी ऑफिसात खेपा घालतोय. पैसे परत मिळो न मिळो, कागद दुरुस्त करून घ्याच.

पार्लेकरीण

चासी आणि इंजिन नंबर ताडले, बरोबर आहेत.

प्रपोजलची स्कॅन प्रत आली! काकांचं अक्षर म्हणजे मोत्यांची माळ, आणि त्यात ठळक १४९८. सोबत आरसीची झेरॉक्सही लावलेली. चूक कंपनीच्या टायपिंगची. हे ऐकल्यावर बाबांचा नूरच पालटला. "मी म्हटलं नव्हतं? तो माणूस असा नाही!" आता तक्रारीला सगळ्यात जास्त जोर त्यांचाच आहे. काका तर तावातावाने स्वतः ब्रँचमध्ये जायला निघालेत. पण ब्रँचनेही नाही म्हटलं तर?

निवृत्त_अंडररायटर

काकांना जरूर पाठवा, पण अर्ज बाबांच्या सहीने लेखी द्या आणि पोच घ्या. नाही म्हणाले तर कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरकडे, सोबत आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) बीमा भरोसा पोर्टलवर नोंद, किंवा १५५२५५ वर फोन. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. भरलेल्या प्रीमियमचा वाद त्यांच्या कक्षेत येतो, फी नाही, वकील लागत नाही (चालतही नाही). तुम्हाला तर ऑफिस पार्ल्याहून एक स्टेशन, सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर. पण फॉर्मवर १४९८ असताना कंपनी तिथपर्यंत जाईल असं वाटत नाही. लोकपालांसमोर काय तोंड दाखवणार?

गिरगाव_ते_गोरेगाव

फ्री लुकचं माझं चुकलं, तो नियम आमच्या मेडिक्लेमचा होता. बाकी चपलांबद्दल मी ठाम आहे.

पार्लेकरीण

ब्रँचने अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली आणि एन्डॉर्समेंट मेलवर आलं. सीसी १४९८ झालाय. बाबांच्या खात्यात ५,२८७ रुपये आणि वरचे पैसे जमा. पण हा नुसता थर्ड पार्टीचा फरक आहे, ओन डॅमेजची रक्कम जशीच्या तशी. तिचा हिशेब मागणारा दुसरा अर्ज बाबांनी स्वतःच लिहायला घेतलाय, काका शेजारी बसून मजकूर सांगताहेत आणि पोह्यांची दुसरी फेरी चालू आहे.