हवाईतलं उलुपो देऊळ एका रात्रीत बांधलं म्हणतात, कुणी पाहिलंय का?

मेधा_कोथरूड:
पुढच्या महिन्यात बहिणीकडे होनोलुलूला चाललेय, आईपण आहे बरोबर. बहीण म्हणते डोंगरापलीकडे कायलुआला उलुपो म्हणून जुनं दगडी देऊळ आहे, तिकडे देवळाला हेयाउ म्हणतात, आणि ते मेनेहुने नावाच्या बुटक्या लोकांनी एका रात्रीत बांधलं अशी गोष्ट आहे. पण फोटोत नुसता दगडांचा चौथरा दिसतोय, ना गाभारा ना मूर्ती. कोणी मोडलं का? आणि आईने आत्तापासूनच नारळ, हळदकुंकू काढून ठेवलंय, तिथे वाहिलेलं चालेल का?

औंधचा_भटक्या:
नुसता चौथरा म्हणून टाळू नका! साधारण १४० बाय १८० फूट आहे, एका बाजूला उंची ३० फुटांपर्यंत, आणि चुना वगैरे काही नाही, दगडावर दगड रचलेत. खाली कावाइनुइची पाणथळ जमीन आणि तिथलेच लोक परत लावतायत ती अळूची खाचरं. मी तासभर नुसता उभा होतो. वर चढू नका, दगड हलवू नका, आणि आईंना सांगा हात जोडले की पुरे, काही वाहू नका, तिथली माणसं ती जागा अजून पवित्र मानतात.

पेठेतला_नाना:
मिशनऱ्यांनीच मोडलं असणार.

इतिहासवेडी:
नाही हो नाना, मिशनरी पोचले १८२० ला. त्याआधीच १८१९ मध्ये कामेहामेहा राजा वारला आणि काही महिन्यांतच त्याची राणी काआहुमानु आणि गादीवर आलेला मुलगा लिहोलिहो यांनी कापू म्हणजे तिथले निषिद्धाचे नियम मोडले. बायकांनी पुरुषांबरोबर जेवायचं नाही, केळी-नारळ खायचे नाहीत असले नियम होते ते, तर हा नवा राजा सगळ्यांसमोर बायकांच्या पंगतीला जाऊन बसला आणि जेवला. मग देवळं मोडायचा, मूर्ती जाळायचा हुकूम निघाला. वरची घरं आणि मूर्ती लाकडाच्या, त्या गेल्या, दगड राहिले. मला हे वाचून कितीतरी दिवस ती पंगतच डोळ्यासमोर येत होती.

पेठेतला_नाना:
हे माहीत नव्हतं, चुकलो. एका रात्रीची गोष्ट मात्र आपल्या अंबरनाथसारखीच की, पांडवांनी बांधलं आणि उजाडलं म्हणून शिखर अर्धवट राहिलं.

इतिहासवेडी:
अगदी! मेनेहुनेपण रात्रीतच काम करतात, पहाटेपर्यंत झालं नाही तर कायमचं अर्धवट सोडतात. उलुपो या नावातलं 'पो' म्हणजेच रात्र. पण याला भाकडकथा नका म्हणू कुणी. हवाईच्याच मोठ्या बेटावरच्या पुउकोहोला देवळासाठी, १७९०-९१ चं काम ते, दूरच्या दरीतून माणसांची रांग लावून हातोहात दगड आणले असं सांगतात. हजारो हात एकदम लागले की बघणाऱ्याला ते माणसाचं काम वाटतच नसणार.

मेधा_कोथरूड:
आईला सगळं वाचून दाखवलं. नारळ परत देवघरात गेला. केळी-नारळाचं ऐकून तिने पहिला प्रश्न काय विचारला तर, मग त्या बायका आधी खायच्या तरी काय? सांगा कुणीतरी.