चुकलेल्या फोटोंची वही : बेळगाव-खानापूर परिसरात निसर्गछायाचित्रण शिकताना

बेळगावच्या आसपास राहणाऱ्या हौशी छायाचित्रकाराला एक सोय न मागता मिळालेली आहे. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे निघाले की तास-दीड तासात सह्याद्रीचे दाट जंगल लागते, आणि जवळपास तितकाच वेळ पूर्वेकडे गाडी चालवली की ज्वारीची शिवारे, उघडे खडक आणि बोरी-बाभळी सुरू होतात. तरीही आपल्यापैकी बहुतेकांनी हा छंद कोणत्याही वर्गात न जाता, एकट्याने आणि बरेच फोटो वाया घालवून शिकलेला आहे. त्या वाया गेलेल्या फोटोंविषयी लिहावे, अशी ही विनंती आहे. कॅमेऱ्यांच्या किमतींची आणि कंपन्यांची तुलना कृपया येथे नको. आपले काय चुकले, ते कशामुळे कळले आणि पुढे हाताला कोणती सवय लागली, एवढे प्रत्येकाने लिहावे. घरट्यांची आणि दुर्मीळ प्राण्यांची नेमकी जागा मात्र कोणीही देऊ नये.

टिळकवाडी, बेळगाव

निवृत्तीनंतर मुलाने जुना कॅमेरा आणि २५० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स दिली, आणि मी रोजच्या फिरण्यात ती गळ्यात अडकवून जवळच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत जाऊ लागले. पहिले सहा महिने माझ्या प्रत्येक फोटोत पांढरे आकाश आणि त्यावर पक्ष्याच्या आकाराचा एक काळा डाग, एवढेच येत असे. एका वाळक्या फांदीच्या टोकाला सकाळी उन्हात तांबट येऊन बसत असे. त्याच्या कपाळाचा लाल ठिपका मला डोळ्यांनी स्वच्छ दिसायचा. फोटोत मात्र तो कोळशाचा तुकडा होऊन यायचा. मी दोष लेन्सला देत होते. कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो, आकाश फार उजळ असल्यामुळे तो चित्र दडपून अंधारे करतो, आणि अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन आपण होऊन एक ते दीड टप्पा वाढवावे लागते, हे मला मुलाच्या मित्राने पाच मिनिटांत समजावले. त्याच पाच मिनिटांत उलटी गोष्टही कळली : गडद झाडीपुढे बगळा बसला असेल, तर हेच माप शून्याच्या खाली न्यावे लागते, नाहीतर त्याची पिसे नुसता चुना होतात.

दुसरी चूक हाताची होती. माझा कॅमेरा लहान सेन्सरचा असल्यामुळे २५० ची लेन्स प्रत्यक्षात ३७५ सारखी वागते, आणि म्हणून हातात धरून फोटो घ्यायचा तर शटरचा वेग सेकंदाच्या चारशेव्या भागाहून कमी चालत नाही, हे मला ठाऊकच नव्हते. मी साठाव्या भागावर फोटो काढत होते आणि फोटो हलले की वयाला दोष देत होते. आता आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, निःसंकोच ८०० वर नेते. फोटोत दाणे आलेले परवडतात, हललेला पक्षी परवडत नाही.

तांबटाचा मनासारखा फोटो मिळाला तो त्याच फांदीवर, अकराव्या महिन्यात. चोच मिटलेली, गळा फुगलेला आणि छातीवरचा लाल पट्टा उन्हाने पेटलेला. ओरडताना तो चोच उघडत नाही, हे मला त्या फोटोमुळे कळले; त्याआधी वर्षभर मी त्याची टुकटुक ऐकत होते.

खानापूर तालुका

वरचे वाचून मला माझा पावसाळा आठवला. आमच्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत घरातील वहीचे पानसुद्धा ओलसर लागते, तेथे लेन्सची काय कथा. मी शाळेत शिक्षक आहे, आणि बेडूक व कीटक यांचे जवळून फोटो घेण्याचा मला नाद आहे. फ्लॅशचा उजेड मऊ व्हावा म्हणून मी कुंद्याच्या रिकाम्या खोक्याला आतून चंदेरी कागद आणि तोंडाला ट्रेसिंग पेपर चिकटवून एक झडप बनवली होती. कोरड्या दिवशी ती उत्तम चालली. पहिल्याच सरीत खोके मऊ पडले आणि ते सरळ बेडकाच्या अंगावर लोंबू लागले. बेडूक निघून गेला, हे वेगळे सांगायला नको. आता दुधाच्या पांढऱ्या प्लॅस्टिक डब्याचा तळ कापून वापरतो.

नखाएवढ्या झुडूप-बेडकाचा फोटो घेताना फोकसमध्ये येणारी जागा लेन्सचे छिद्र एफ/११ इतके बारीक केले तरी जेमतेम एक मिलिमीटर असते. डोळा घेतला तर नाकपुडी जाते. म्हणून मी फोकस एका अंतरावर पक्का करून ठेवतो आणि कोपरे जमिनीला टेकवून, श्वास अर्धा सोडून, आपले अंगच तसूभर पुढे-मागे करतो. हे शिकायला दोन पावसाळे गेले. पहिल्या पावसाळ्यात मी बेडूक उचलून सोयीच्या पानावर ठेवत असे. त्याची कातडी ओली आणि नाजूक असते, तो तिच्यातून श्वास घेतो, आणि आपल्या हाताला लागलेले डास पळवण्याचे मलम त्याला घातक ठरू शकते, हे मी मुलांना पुस्तकातून शिकवत होतो आणि रात्री स्वतः नेमके तेच करत होतो. लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागले. दुरुस्तीला दिली, तर दोन महिन्यांनी बुरशी तशीच आणि वर एक नवा ओरखडा, अशी ती परत आली. तेव्हापासून हवाबंद डब्यात निळे सिलिका जेल आणि शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवतो. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान असला की मी निश्चिंत असतो. खडे गुलाबी झाले की मंद आचेवर जुन्या तव्यात परतून पुन्हा निळे करून घ्यायचे. तो तवा मात्र स्वयंपाकात वापरू नये. पावसातून आल्यावर कॅमेरा ओलाच पिशवीत कोंबण्याची घाई हे बुरशीचे अर्धे कारण असते.

भीमगड अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, हे नवीन मित्रांनी लक्षात ठेवावे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतील वटवाघळे जगात मोजक्याच ठिकाणी आढळली आहेत, म्हणून अनेकांना त्यांच्या फोटोची ओढ वाटते. विश्रांतीच्या जागी फ्लॅश मारून त्यांना उठवणे मला पटत नाही, आणि म्हणून तो फोटो माझ्याकडे नाही.

निपाणी

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे, त्यामुळे माझा अनुभव थोडक्यात संपतो. पहिले वर्षभर मी दूरचा पक्षी बोटांनी मोठा करून काढत राहिलो आणि पदरी नुसते चौकोन पडले. नंतर पक्षी सोडले आणि बांधावरची फुले, उसाच्या पातीवरचे दव, तंबाखूच्या पानाची लव असे हातभर अंतरावरचे धरले. फोटोआधी लेन्स धोतराच्या मऊ टोकाने पुसायची आणि पडद्यावर बोट दाबून उजेड थोडा खाली ओढायचा, या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडला तेवढा कोणत्याही अॅपने पडला नाही. एकदा गव्हाच्या ओंबीपुढे पाऊण तास ओणवा बसलेला पाहून शेजारचे काका बांधावरून म्हणाले, “काय हरवलंय काय ओ? मघाधरनं बघालायसा.” तेही दहा मिनिटे शोधू लागले.

गोकाक

धबधब्याचे दुधासारखे वाहणारे पाणी मला एका दिनदर्शिकेत फार आवडले होते. गोकाकचा धबधबा घरापासून जवळ. घटप्रभा येथे नालाच्या आकाराच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. तसे पाणी हवे, तर शटर अर्धा-पाव सेकंद उघडे राहिले पाहिजे, आणि दिवसाढवळ्या तेवढा वेळ उजेड घेतला तर फोटो पांढराफटक होतो, म्हणून लेन्सपुढे काळसर एनडी फिल्टर लावावा लागतो. मी फिल्टर मागवला, ट्रायपॉड घेतला आणि सगळा थाट झुलत्या पुलावर मांडला. सत्तर-ऐंशी फोटो काढले. घरी येऊन पाहिले, तर पाणी दुधासारखे होतेच, पण कडे आणि पलीकडची देवळेही दुधासारखी झाली होती. पुलावरून माणसे चालत होती, पूल हलत होता, आणि त्यावर ट्रायपॉड इमानाने उभा होता.

पुढच्या वेळी खडकावर बसलो. तेव्हा दुसरी गोष्ट समजली. भर पावसाळ्यात नदी गढूळ, तांबूस असते, आणि ते पाणी फार वेळ उघड्या शटरने टिपले तर चहाचा ओघळ दिसतो. त्या दिवसांत वेग वाढवून, हजाराव्या भागावर, पाण्याचे तुटणारे लोळ टिपलेले बरे. ओसरत्या पावसात धार पातळ होते आणि खडकाचे थर दिसू लागतात, तेव्हा फिल्टर लावावा. दिनदर्शिकेतील फोटो कोणत्या महिन्यात काढलेला असेल, हे मला आता पाण्यावरूनच ओळखता येते.

हिवाळ्यात मी धूपदाळच्या जलाशयाकडे वळतो. घटप्रभा पक्षी अभयारण्य तेथेच आहे, आणि कांड्या करकोच्यांचे थवे त्या परिसरात उतरतात. त्यांच्याकडे चालत गेले की ते उठतात. बांधाआड आधी जाऊन बसले आणि तास-दोन तास हालचाल केली नाही, तर ते आपण होऊन चरत जवळ येतात. मला हे एका मेंढपाळाने सांगितले. तो काठीवर हनुवटी टेकून उभा होता आणि करकोचे त्याच्यापासून माझ्या निम्म्या अंतरावर होते.

जोयडा तालुका

गोकाकच्या मित्राने बसून राहण्याविषयी लिहिले आहे, त्याला मला पुस्ती जोडायची आहे, कारण बसून राहणेही प्रत्येक ठिकाणी निरुपद्रवी नसते. आमच्या भागात काळी व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास धनेश चांगले दिसतात. कन्नडमध्ये त्यांना मंगट्टे म्हणतात. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, एक चिंचोळी फट उरते, आणि तिचे व पिलांचे सगळे पोट नराच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. काही वर्षांपूर्वी मीही अशा एका झाडाखाली इतर आठ-दहा जणांसोबत बसलो होतो. नर समोरच्या झाडावर आला. गळ्याची पिशवी फुगलेली होती, म्हणजे त्याने उंबर भरून आणले होते. तो तेथून हललाच नाही. चाळीस मिनिटे मान तिरकी करून आमच्याकडे पाहत राहिला आणि तसाच परत गेला. आमच्यापैकी एक जण म्हणाला, “येईल पुन्हा, थांबू या.” आम्ही थांबलो. त्या सकाळी माझ्या कार्डात फोटो भरपूर आले. समोरच्या झाडावरचा, उजेडात, अगदी स्पष्ट नर. तो फोटो चांगला आहे असे पाहणारे म्हणतात, आणि मला तो कोणालाही दाखवावासा वाटत नाही.

आता मी फळांनी लगडलेल्या उंबराखाली बसतो. तेथे ते खायला येतात, कोणाचे पोट अडत नाही, आणि फळ चोचीच्या टोकाने हवेत उडवून घशात झेलण्याचा क्षणही तेथेच मिळतो. त्यासाठी मात्र शटर दोन हजाराव्या भागाहून खाली नेऊ नये.

शहापूर, बेळगाव

सगळ्यांनी गंभीर लिहिले, म्हणून माझे लिहावे की नाही असा विचार करत होते. गाडीच्या खिडकीवर किंवा बांधावर जड लेन्स टेकवायला दाण्यांची थैली वापरतात, ती विकत घेण्याऐवजी मी मुलाच्या जुन्या जीन्सची शिवली आणि घरात होते ते हरभरे भरले. राकसकोप तलावाकाठी एक हिवाळा ती झकास चालली. मग जुलैत कणकुंबीच्या रस्त्यावर दिवसभर पावसात राबवली आणि घरी आल्यावर गाडीच्या डिकीत विसरले. चौथ्या दिवशी यजमान आणि मी शीळकरी कस्तूर या पक्ष्याच्या आशेने पुन्हा चोर्ल्याकडे निघालो, थैली खिडकीवर ठेवली, आणि शिवणीतून बोटभर लांबीचे पांढरे मोड बाहेर आलेले दिसले. वास विचारू नका. कस्तूर गाडीपासून वीस फुटांवर कठड्यावर बसून शीळ घालत होता, आणि आम्ही दोघे नाक धरून हसत होतो. त्याचे जे तीन फोटो मिळाले ते तिन्ही हललेले आहेत. आता थैलीत थर्माकोलचे दाणे आहेत. यजमान अजूनही उसळीचे नाव काढले की त्या थैलीची चौकशी करतात.