मदत हवी आहे : नाडीतरंगाची वेळ पडताळण्यासाठी डॉप्लर चालेल का?

सोलापुरातील आमच्या अभियांत्रिकी प्रकल्पात ईसीजीच्या आर-शिखरापासून (हृदयाच्या ठोक्याचा सर्वांत उंच विद्युत टोक) बोटावरील प्रकाशीय संवेदकात नाडीतरंगाचा, म्हणजे ठोक्यासोबत धमन्यांतून जाणाऱ्या दाबलहरीचा, पायथा (चढाची सुरुवात) दिसेपर्यंतचा वेळ मोजतो. मात्र त्यात महाधमनीची झडप उघडेपर्यंतचा काळही मिसळतो आणि तो स्थिर नसतो. म्हणून कानाच्या पाळीवर दुसरा संवेदक लावला, परंतु 100 हर्ट्झ नमुनादराने (सेकंदाला 100 नोंदी) लागोपाठच्या दोन नोंदींतच 10 मिलिसेकंदांचे अंतर पडते. पायथा स्पर्शरेषांच्या छेदाने (तरंगाच्या तळाची आणि चढाची स्पर्शरेषा जिथे छेदतात तो बिंदू) काढतो. पायथ्याऐवजी तरंगाचे शिखर धरणे आम्हाला पटत नाही. मान व जांघेवरील टोनोमेट्री (त्वचेवर दाब-संवेदक टेकवून नाडीतरंग नोंदवणे) ही मान्य संदर्भपद्धत असली, तरी ते उपकरण परवडणारे नाही. ईसीजी जोडलेले डॉप्लर यंत्र (अल्ट्रासाउंडने रक्तप्रवाह नोंदवणारे) मात्र मिळू शकते. त्यावर मान व जांघ आळीपाळीने नोंदवून काढलेला आर-शिखरापासूनच्या वेळांतील फरक, दरम्यान हृदयगती थोडी बदलली तरी, तुलनेसाठी ग्राह्य धरावा का?