मदत हवी आहे: रिले टेस्टिंगमधून पुढे कुठे?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचाच, घर दांडिया बाजारात. चार वर्षं एका ठेकेदाराकडे रिले टेस्टिंग करतोय (रिले म्हणजे बिघाड ओळखून वीजपुरवठा तोडायला लावणारं यंत्र). ६६ आणि २२० केव्ही सबस्टेशनं. डिस्टन्स, डिफरेन्शियल, सगळ्या प्रकारचे रिले हाताखालून गेलेत. पण सेटिंगचा कागद वरून येतो, आम्ही फक्त ट्रिप होतं का ते बघायचं. ते आकडे कसे काढतात, हे मला शिकायचंय. सोलर इन्व्हर्टर फॉल्टला, म्हणजे बिघाडाच्या वेळी, रेटेड करंटपेक्षा थोडाच जास्त देतो, मग मोठा करंट धरून केलेली जुनी सेटिंग्ज चुकतात. म्हणजे हे काम वाढणारच, असं आपलं माझं मत. आधी फॉल्ट स्टडी (बिघाडात किती करंट वाहील याचा हिशोब) धरू की आयईसी ६१८५० (सबस्टेशनमधल्या यंत्रांच्या डिजिटल संवादाचं मानक)? जेटकोची (गुजरातची सरकारी वीज पारेषण कंपनी) परीक्षा द्यावी की खासगीत जावं? आई 'सरकारीच बघ' म्हणते. रात्री दोनची शटडाऊन (लाइन बंद ठेवून करायची कामं) तिनेही सोसलीत. या लाइनीतल्या कोणी सांगाल का?