तातडीने मदत हवी: फलाटावरचा मुलगा "मला इथून न्या" म्हणतोय, ठेवायचं कुठे?

किटलीवाला | गुरुवार, रात्री ११:४०
नमस्कार. आमच्या चर्चचा तरुण संघ दर शुक्रवारी रात्री स्टेशनबाहेर चहा आणि खिचडी घेऊन जातो. आठ महिने झाले. पंचवीस-तीस पोरं येतात. त्यातल्या एकाने गेल्या शुक्रवारी मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "दादा, मला इथून न्या. इथे राहिलो तर मी मरेन." मी हो म्हणून बसलो.
पाळकसाहेबांनी त्याला हॉलमध्ये झोपू द्यायला नकार दिला. कमिटीही नाही म्हणते. उद्या परत शुक्रवार. तो येणार, आणि पहिला प्रश्न हाच विचारणार. आठ महिने आम्ही या पोरांना सांगतोय की देव तुम्हाला विसरलेला नाही. आता एक जण त्यावर विश्वास ठेवून पुढे आलाय आणि आमच्याकडे त्याच्यासाठी एक खाट नाही. मला फक्त जागा सांगा. सल्ले आणि देणग्या नकोत. उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर हवं आहे.

मुळामुठा | रात्री ११:५२
कोणतं स्टेशन? मुलाचं वय काय? घरचं कुणी आहे का?

किटलीवाला | रात्री ११:५८
पुणे. सतरा-अठरा असेल. घरचं माहीत नाही.

वकील_शिवाजीनगर | शुक्रवार, रात्री १२:२०
"सतरा-अठरा" म्हणून कसं चालेल? सगळं त्या एका आकड्यावर अडलं आहे.
अठरा पूर्ण असतील तर तो सज्ञान. महापालिकेच्या रात्रनिवाऱ्यात स्वतःच्या पायाने जाऊ शकतो, तुम्ही फक्त सोबत जायचं. अठराच्या आत असेल तर २०१५ चा बाल न्याय कायदा लागू होतो. एकटं, आधार नसलेलं मूल सापडलं तर चोवीस तासांत १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला, पोलिसांना किंवा बालकल्याण समितीला कळवणं बंधनकारक आहे. तुम्हाला सापडून आठवडा उलटला.
पाळकांवर रागावू नका, त्यांचं बरोबर आहे. मुलांना ठेवणारी संस्था नोंदलेली असावी लागते, नसेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. एक मुलगा म्हणजे संस्था नव्हे हे मान्य. पण हॉलमध्ये एक झोपला हे कळल्यावर पुढच्या शुक्रवारी चौघे येतील, तेव्हा कुणाला नाही म्हणणार?

मावशी_खडकी | सकाळी ६:१०
वकीलसाहेब, कायदा बरोबर असेल, पण पोर मरेन म्हणतंय. आम्ही २००९ साली असाच एक मुलगा घरी ठेवला होता. कुणाला विचारलं नाही. चार वर्षं राहिला, आयटीआय केलं, आता चाकणला नोकरीला आहे आणि नाताळला करंज्या खायला येतो. घर उघडायला कागद लागत नाही.

वकील_शिवाजीनगर | सकाळी ८:०५
मावशी, तुमचं मन मोठं आहे, आणि तुमचा मुलगा सुखरूप राहिला याचा मलाही आनंद आहे. पण अशाच मोठ्या मनाच्या घरांत मुलांवर अत्याचार झाल्याची प्रकरणं मी चालवली आहेत. तिथे कुणी विचारत नव्हतं म्हणूनच ते झालं. कागद तुमच्यावर संशय म्हणून मागत नाहीत. मुलाला ठेवलंय कुठे, हे बाहेरच्या कुणाला तरी माहीत असावं म्हणून मागतात. आणि किटलीवाला, त्याला एकट्याने गाडीवर बसवून कुठेही नेऊ नका. दोन मोठी माणसं बरोबर हवीत, प्रत्येक वेळी.

ओपीडी_दुपारची | सकाळी ८:३०
"मरेन" असं का म्हणाला? मार, आजार की नशा? कुणीच विचारलेलं दिसत नाही.

किटलीवाला | सकाळी ८:५५
नशेसाठी पंक्चरचं सोल्युशन ओढतो, सगळेच ओढतात. खोकला आहे. अंगावरचं मांस गेलंय. या सगळ्याचा जागेशी काय संबंध?

ओपीडी_दुपारची | सकाळी ९:०२
खोकला किती दिवसांचा?

किटलीवाला | सकाळी ९:१०
महिनाभर तरी.

ओपीडी_दुपारची | सकाळी ९:२५
जागेशी थेट संबंध आहे. दोन आठवड्यांवर खोकला आणि वजन घटलेलं म्हणजे क्षयरोगाची तपासणी आधी. ज्या खोलीत दहा जण झोपतात तिथे थुंकी न तपासता त्याला घालू नका. सरकारी रुग्णालयात तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट आहेत आणि ससून रुग्णालय स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहे. साधा क्षयरोग निघाला तर सहा महिन्यांच्या गोळ्या, आणि त्या सहा महिन्यांत पोरगा कुठे आहे ते कुणाला तरी माहीत असलंच पाहिजे. फलाटावर राहून कोर्स पूर्ण झालेली मुलं मी फार थोडी पाहिली.
दुसरं, तुमच्या सगळ्या स्वयंसेवकांना सांगा. पंक्चरच्या सोल्युशनमधल्या टोल्युइनमुळे हृदयाची लय बिघडू शकते. नुकतंच ओढलेल्या मुलाच्या मागे धावू नका, दरडावू नका, हातातली पिशवी हिसकावू नका. त्या घाबरण्याने, पळण्याने मूल जागेवर कोसळून जाऊ शकतं. शांतपणे बसवा, मोकळी हवा मिळू द्या.

पिंपळपान | सकाळी १०:००
तुम्ही त्यांना प्रार्थना करायला लावता का? खिचडीआधी की नंतर? मोकळेपणाने सांगा, कारण माझा आक्षेप तिथेच आहे. भुकेल्या पोराला धर्म सांगणं मला पटत नाही.

किटलीवाला | सकाळी १०:२०
नंतर. खाणं झालं की ज्याला थांबायचं तो थांबतो, गाणं म्हणतो, ज्याला जायचं तो जातो. निम्मे जातात. पुढच्या शुक्रवारी त्यांच्या ताटात खिचडी तेवढीच पडते. मला आज या वादात पडायचं नाही.

नगरकर | सकाळी १०:४५
हा वाद पुण्याला नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला आणलं. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर होते. मुली बाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं आणि १८९३ मध्ये मंडळ बाजूला झालं. आरोप करणारे आपल्या जागी प्रामाणिक होते, पण मुलींच्या जेवणाचा आणि निजण्याचा प्रश्न बाईंच्याच अंगावर राहिला. मग दुष्काळातल्या बायका-मुली आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, ते आजही आहे. दौंडच्या गाडीने जाताना मी दर वेळी तिकडे बघतो. माझी आजी

मुळामुठा | सकाळी १०:५१
नगरकर काका, आजीचं वेगळ्या धाग्यात लिहा ना, मनापासून वाचेन. आज शुक्रवार आहे.

पिंपळपान | सकाळी ११:०५
निम्मे निघून जातात आणि तरी ताट तेवढंच, हे पटलं. पण मुलगा संस्थेत गेल्यावर त्याच्या धर्माचं काय करायचं हे त्याने ठरवावं, तुम्ही नाही. एवढं लिहून थांबतो.

ट्रस्टवाला | सकाळी ११:३०
तुम्ही आधी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करा. मग करसवलतीसाठी बारा-ए, ऐंशी-जी. परदेशी देणगी घ्यायची असेल तर एफसीआरए, त्याला तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. मी ठरावाचे नमुने देऊ शकतो.

किटलीवाला | सकाळी ११:४०
दादा, आभार, पण हे मी विचारलेलं नाही.

फलाट_क्रमांक_तीन | दुपारी १:१५
जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी स्वतः स्टेशनवर वाढलो. नऊ ते सोळा. पुण्याला नाही, दुसऱ्या जंक्शनला. आता वायरिंगची कामं घेतो, हाताखाली दोन पोरं आहेत.
तुम्ही जागा विचारताय. जागा मिळेल हो. पहिल्या रात्रीचं कुणी सांगितलं नाही तुम्हाला. मला नेलं तेव्हा गादी दिली, पांढरी चादर दिली, दिवा घालवला. सात वर्षांत मी अंधारात झोपलो नव्हतो. फलाटावर रात्रभर दिवे, गाड्या, अनाउन्समेंट. आपण दिवसा झोपतो, रात्री जागे राहतो, कारण रात्रीच मारतात. ती शांतता मला सहन झाली नाही. तिसऱ्या रात्री भिंतीवरून उडी मारली. सगळे म्हणाले, याला सुधारायचंच नाही. मी परत गेलो तो गाडीच्या आवाजासाठी.
एक ब्रदर होते, ते फलाटावर आले. काही बोलले नाहीत, शेजारी बसले, वडापाव खाल्ला. म्हणाले, दार उघडंच आहे, दिवा चालू ठेवतो. मी चार वेळा पळालो आणि चार वेळा परत गेलो. पाचव्यांदा राहिलो.
म्हणून तुमचा पोरगा पळाला तर त्याला खोटारडा समजू नका. आणि त्याला विचारा, आधी कधी आत होता का? मरेन म्हणणारा पोरगा १०९८ ला स्वतः फोन का करत नाही? नंबर सगळ्यांना पाठ असतो.

किटलीवाला | दुपारी २:३०
तुमची पोस्ट वाचून मी स्टेशनवर गेलो, आमच्यातल्या एका ताईला घेऊन. भेटला, पुलाखाली झोपला होता. विचारलं. तेराव्या वर्षी एका बालगृहात होता, तिथे मोठी मुलं मारायची म्हणून पळाला. "रिमांडला टाकणार असाल तर नको" म्हणाला. आईवडील ऊसतोडीला जायचे, आई वारली, वडिलांनी दुसरं लग्न केलं. बीड जिल्ह्यात सातवीपर्यंत शाळा. शाळेच्या हिशोबाने जन्म डिसेंबरातला आहे असं त्याला आठवतं. तसं असेल तर येत्या डिसेंबरात अठरा पूर्ण होतात. आधार काढल्याचं आठवतं, कार्ड नाही.
हे मी आठ महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. खिचडी वाढत होतो.

वकील_शिवाजीनगर | दुपारी २:५०
मग घाई करा, आजच. अठरानंतरची मदत, म्हणजे अनुरक्षण गृह (संस्थेतून बाहेर पडलेल्यांना राहायची जागा), राहण्याचा खर्च, कामाचं शिक्षण, ही एकविसाव्या वर्षापर्यंत मिळते, पण जो संस्थेतून बाहेर पडला त्यालाच. अठरा पूर्ण व्हायच्या आत समितीपुढे गेला तर पुढच्या तीन वर्षांची सोय मागता येईल. डिसेंबर उलटला तर त्याच्यासाठी रात्रनिवारा आणि तुमची खिचडी एवढंच उरतं.
वयाचा पहिला पुरावा शाळेचा दाखला. तो नसेल तर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आणि आधारसाठी नवीन अर्ज करायला गेलात आणि "आधीच नोंद आहे" म्हणून तो फेटाळला गेला तर वाईट वाटून घेऊ नका. बोटांच्या ठशांवरून जुनी नोंद सापडते आणि तिच्यात गावाचा पत्ता असतो.
समितीला हे स्पष्ट सांगा की मागच्या ठिकाणी त्याला मारहाण झाली आणि तिथे त्याला पाठवू नये. मुलाचं म्हणणं ऐकणं समितीला कायद्याने भाग आहे.

मावशी_खडकी | दुपारी ३:१०
आणि घरी ठेवायचंच असेल तर?

वकील_शिवाजीनगर | दुपारी ३:१८
तर मावशी, समितीकडे "योग्य व्यक्ती" म्हणून अर्ज करा. कायद्यात तशी सोय आहे, घराची पाहणी होते, मग मुलगा तुमच्याकडे रीतसर येतो. २००९ मध्ये जे केलंत तेच, फक्त कुणाला तरी माहीत असताना. खरंच सांगतो, तुमच्यासारखी माणसं यादीत हवी आहेत.

मावशी_खडकी | दुपारी ३:२५
अर्ज कुठे मिळतो ते सांगा. मागची खोली रिकामीच आहे.

ताडीवाला_रोड | दुपारी ४:००
१०९८ ला फोन करताना "बेघर मुलगा आहे" एवढ्यावर थांबू नका. क्षयरोगाची शंका, सोल्युशन, पूर्वीची मारहाण, अठरा पूर्ण व्हायला किती दिवस, हे चारही सांगा आणि सांगितलेली वेळ लिहून ठेवा. २०२३ पासून ती हेल्पलाइन सरकारच्या महिला व बाल विकास यंत्रणेकडून चालते आणि ११२ ला जोडलेली आहे. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही मुलाला हजर करता येतं, त्यामुळे "सोमवारी या" हे अंतिम उत्तर समजू नका.
नशेसाठी येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला फोन करा, १९८६ पासून ते हेच काम करतात. वय सांगा, सोल्युशन सांगा, ते वाट सांगतील.
आणि एक सांगते. फलाटावरच्या मुलांसाठी ख्रिस्ती कामं जिथे टिकली, तिथे कुणीतरी आयुष्य त्यांच्यासोबत घातलं. मुंबईचं स्नेहसदन १९६२ चं, वडाळ्याचं डॉन बॉस्को शेल्टर १९८७ चं. तुम्ही शुक्रवारचे दोन तास देता. ते कमी नाहीत, पण बाकीच्या सहा दिवसांचं आता चर्चच्या कमिटीत बोला. हॉलवरून नको, माणसांवरून बोला: समितीपुढे कोण जाणार, दवाखान्यात कोण बसणार.

जुने_कपडे | दुपारी ४:२०
माझ्याकडे दोन पिशव्या कपडे आहेत, वय ८ ते १०. कुठे आणू?

मुळामुठा | दुपारी ४:२२
पोरगा सतराचा आहे हो.

किटलीवाला | शनिवार, दुपारी १२:५०
थोडक्यात लिहितो, झोप झालेली नाही.
काल रात्री तो आला. मी त्याला खरं सांगितलं की आमच्याकडे जागा नाही, पण जिथे नेतील तिथे मी आणि ताई बरोबर येऊ. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आत पण येणार? गेटवरून परत नाही ना जाणार?" १०९८ चे दोघे तासाभराने आले. पाळकसाहेबांना कळवलं तर साडेअकराला ते स्वतः स्टेशनवर आले, पहाटे चारपर्यंत आमच्याबरोबर बाकावर बसले होते. त्यांच्याबद्दल मी वर जसं लिहिलं त्याचं वाईट वाटतंय.
थुंकी तपासायला दिली आहे. सकाळी समितीच्या एका सदस्यांपुढे नेलं. मारहाणीचं त्याने स्वतः सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. तात्पुरती वेगळी खोली मिळाली आहे. मी तिथल्या काकांना रात्री व्हरांड्यातला दिवा चालू ठेवायला सांगितलं. फलाट क्रमांक तीन, ते तुमच्यामुळे सुचलं.
आता अडलंय ते शाळेच्या दाखल्यावर. सोमवारी पूर्ण समितीपुढे जायचंय. दाखला नसेल तर हाडांची तपासणी होईल, आणि तिच्यात वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात असं म्हणतात. अठराच्या वर धरलं तर सगळं संपलं. शाळा गेवराई तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. सोमवारी शाळा उघडताच तिथे जाऊन दाखल्याचा फोटो पाठवणारं कुणी आहे का?

ऊसाचं_पाचट | शनिवार, दुपारी १:०४
मी गेवराईतच आहे. गाडी आहे. शाळेचं आणि मुलाचं नाव इथे लिहू नका, मला खासगी निरोपात टाका. मुख्याध्यापक समितीच्या पत्राशिवाय देणार नाहीत, ते पत्र आजच मागून घ्या.