व्हर्च्युअल मशीनच्या होस्टवर कोणतं डेस्कटॉप ठेवावं?

रात्रपाळी विचारतात:

नमस्कार मंडळी. माझ्या मशीनवर आठ कोअरचा प्रोसेसर, 32 जीबी रॅम, 1 टीबीची एनव्हीएमई आणि एक जुनी 2 टीबीची हार्ड डिस्क आहे. सध्या डेबियन लिनक्स, ग्नोम डेस्कटॉप आणि व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवायला व्हर्च्युअलबॉक्स. आता हेच मशीन दिवसरात्र चालू ठेवून त्यावर नीट सोय करायची आहे: डेटाबेसचं एक व्हीएम, वेब ॲपच्या चाचणीचं एक, एक विंडोज 11 आणि कुबरनेटिस (अनेक मशीनवर मिळून ॲप चालवणारी व्यवस्था) शिकायला तीन छोटे नोड, म्हणजे आणखी तीन व्हीएम.

अडचण अशी की याच मशीनसमोर बसून मी कोडही लिहितो, त्यामुळे डेस्कटॉप पूर्ण काढून टाकता येत नाही. ग्नोम, केडीई की एक्सएफसीई? मेमरी वाचवायला एक्सएफसीई घ्यावं असं वाटतंय, पण त्याने खरंच फरक पडतो का?

टर्मिनलवाला:

फरक पडतो, पण तुम्ही समजताय तेवढा नाही. नुसतं लॉगिन करून पाहिलं तर ग्नोम साधारण एक-दीड जीबी घेतं, एक्सएफसीई त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे वाचली तर अर्धा-पाऊण जीबी. ब्राउझरचे दहा टॅब उघडले की ती बचत संपली.

खरा हिशोब व्हीएमचा मांडा. विंडोजला 8, डेटाबेसला 6, वेबला 4, तीन नोडना प्रत्येकी 2. झाले 24. होस्टकडे उरले 8, त्यात तुमचा एडिटर आणि ब्राउझर. केव्हीएममध्ये (लिनक्सची स्वतःची व्हीएम चालवायची सोय) गेस्टला, म्हणजे व्हीएमला, दिलेली मेमरी पहिल्या मिनिटाला जात नाही. गेस्ट जसजशी वापरेल तसतशी जाते, आणि एकदा गेली की सहसा आपोआप परत येत नाही. म्हणून आठवडाभर सगळं छान चालतं आणि एके दिवशी होस्टची मेमरी संपते. तेव्हा कर्नल बहुधा सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस मारतो. ती कोणती असणार? तुमचं व्हीएम. मेमरी खाल्ली ब्राउझरने आणि मेला डेटाबेस, असं होऊ द्यायचं नसेल तर तिन्ही नोड कायम चालू ठेवू नका, आणि होस्टवर थोडं स्वॅप (मेमरी कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) ठेवाच.

डेस्कटॉप निवडताना मी मेमरीपेक्षा झोपेकडे बघेन. ग्नोम बराच वेळ कुणी हात लावला नाही की मशीन आपोआप सस्पेंड करतं, वीज जोडलेली असली तरी. सेटिंगमध्ये ते बंद केलं तरी लॉगिन स्क्रीनची सेटिंग वेगळी असते. लॉगआउट करून निघून गेलात की मशीन पुन्हा झोपतं आणि त्यासोबत सगळे गेस्टही. सिस्टिमडीमधलं (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) स्लीप टार्गेटच मास्क करून, म्हणजे पूर्ण बंद करून टाका, मग डेस्कटॉप कोणतंही असो.

दुसरी गोष्ट, व्हर्च्युअलबॉक्स सोडा. केव्हीएम 2007 पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, वेगळं मॉड्यूल प्रत्येक कर्नल अपडेटनंतर पुन्हा बांधायची कटकट नाही. वर लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारी सेवा) आणि व्हर्ट-मॅनेजर (ती वापरायचं खिडकीवालं ॲप) घाला. जोडणी मात्र सिस्टिमची घ्या, युजर सेशनची नाही. सिस्टिमच्या जोडणीवरचं व्हीएम तुमच्या डेस्कटॉपवर अवलंबून नसतं: लॉगआउट करा, डेस्कटॉप कोसळू द्या, ते चालूच राहतं. ऑटोस्टार्ट लावलं तर मशीन रीबूट झाल्यावर कुणी लॉगिन न करताही उठतं. ग्नोम बॉक्सेस हे ग्नोमचं व्हीएम चालवायचं ॲप दिसायला सुरेख आहे, पण ते युजर सेशनमध्ये चालतं, म्हणून या कामाला नको.

ओपनसोर्सप्रेमी:

मग सरळ प्रॉक्समॉक्स (खास व्हीएम चालवण्यासाठीची सिस्टिम) का नाही? तेही डेबियनवरच उभं आहे, सगळं ब्राउझरमधून चालतं, बॅकअपची सोय आतच आहे.

टर्मिनलवाला:

मशीन कोपऱ्यात ठेवायचं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण यांना त्याच स्क्रीनवर काम करायचंय. प्रॉक्समॉक्सवर डेस्कटॉप चढवता येतं, पण होस्ट नुसता होस्ट राहावा हा त्याचा मूळ हेतूच मग उरत नाही. उद्या यांनी वेगळा लॅपटॉप घेतला तर विचार बदलेन. तोपर्यंत डेबियन, एक्सएफसीई आणि लिबव्हर्ट.

प्लाझ्मावाला:

केडीईची सवय असेल तर तेच ठेवा, हल्ली तेही फार जड नाही. रोज ज्याच्यासमोर बसायचं ते आवडतं असावं. मी डिस्कबद्दल सांगतो: चालू व्हीएमच्या इमेज एनव्हीएमईवरच ठेवा, जुनी हार्ड डिस्क फक्त बॅकअपला. त्याच इमेजमध्ये घेतलेला स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, मूळ फाइल गेली की तोही गेला. बीटीआरएफएस फाइल सिस्टिम वापरणार असाल तर इमेजच्या फोल्डरवर कॉपी-ऑन-राइट (बदल जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिणं) आधीच बंद करा. नंतर बंद केलं तर आधीपासून असलेल्या फाइल्सना ते लागू होत नाही.

रात्रपाळी:

खूप आभार. एक्सएफसीई आणि लिबव्हर्ट पक्कं. स्लीपचं आजच करतो. मशीन रात्री का गप्प होत होतं ते आता कळलं. दोनच शंका: मशीन वायफायवर आहे, तर व्हीएमना घरच्या नेटवर्कचे आयपी मिळतील का? आणि विंडोज 11 बसवताना काय जपायचं?

टर्मिनलवाला:

वायफायवर साधा ब्रिज (व्हीएमना थेट घरच्या नेटवर्कला जोडणं) चालत नाही. ॲक्सेस पॉइंट एका जोडणीवर दुसऱ्या मॅक ॲड्रेसच्या फ्रेम सहसा घेत नाही. केबल ओढता आली तर ब्रिज करा. नाहीतर लिबव्हर्टचं मूळचं नॅट राहू द्या: होस्टवरून सगळी व्हीएम दिसतील, त्यांना इंटरनेटही मिळेल, फक्त घरातल्या इतर उपकरणांना ती थेट दिसणार नाहीत. तुमच्या कामाला तेवढं पुरेल.

विंडोजसाठी फर्मवेअर यूईएफआय निवडा, सोबत एसडब्ल्यूटीपीएम (सुरक्षा चिपची सॉफ्टवेअरमधली नक्कल) बसवून टीपीएम 2.0, म्हणजे विंडोज 11 मागते ती सुरक्षा चिप, जोडा. डिस्क आणि नेटवर्क दोन्ही व्हर्टआयओ (खास व्हीएमसाठी बनवलेला वेगवान प्रकार) ठेवा. इन्स्टॉलरला सुरुवातीला डिस्क दिसणार नाही, घाबरू नका. व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हला आधीच लावून ठेवा आणि तिथून ड्रायव्हर लोड करा, डिस्क लगेच यादीत येईल.